बिराची सात कुत्री

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. पत्नीला नाही — ती शेवटचे अंथरुणाला खिळली, तेव्हाही नाही. थोरल्या भावाला नाही. आता माझे वय असे आहे की सांगितल्याने माझे काही बिघडायचे नाही, आणि म्हणूनच या सांगण्याला फारशी किंमत नाही, हेही मी जाणून आहे. तरी सांगतो. तुम्ही बसा. मध्ये बोलू नका.

मी खोटे बोललो. तुम्ही म्हणाल, कोण बोलत नाही? खरे आहे. माझे खोटे अवघ्या चार शब्दांचे होते. त्यातले तीन शब्द भीतीचे होते, असे एखादा दयाळू माणूस म्हणू शकेल. चौथा शब्द भीतीचा नव्हता. त्या चौथ्या शब्दापाशी मला जायचे आहे — आणि पाय मागे ओढतात. म्हणून थोडे वळसे होतील.

लढाईच्या काळात मी फौजेच्या जनावरांच्या दवाखान्यात होतो. आधी खेचरे आणि घोडी. शेवटची दोन वर्षे कुत्री. मी डॉक्टर नव्हतो. पट्ट्या बांधणारा, औषधे कालवणारा, साहेबाच्या पाठीमागे वही धरून उभा राहणारा माणूस. लढाई संपली, फौजेतून नाव कटले, मी सांगलीला येऊन राहिलो. लोक मला 'डाक्टर' म्हणू लागले. पहिल्या दिवशी मी दुरुस्ती केली नाही. दुसऱ्या दिवशी ती करणे अवघड होते. सारे तेथेच सुरू झाले काय? नाही. सबब शोधतो आहे. पुढे जातो.

त्या दिवसांत उसाच्या मळेवाल्यांकडे पैसा खेळत होता. साहेब आता जाणार हे दिसत होते. साहेबाचे कुत्रे मात्र ज्याला त्याला हवे होते. लांडग्यासारखे दिसणारे, कान उभे असलेले, विलायती. माझा फौजेतला एक सोबती मुंबईच्या गोदीत लागला होता. बोटीवरून अशी पिल्ले उतरत. चांगली असत ती राजेरजवाड्यांकडे जात. उरलेली — जबडा वाकडा, मागचे पाय फेंगडे, आईपासून अकाली तोडलेली — तिकडे बादलीत बुडवली गेली असती, ती इकडे संत्र्यांच्या करंड्यांत भरून खपवली जात. गाभण शेळीहून स्वस्त. सोबत वंशावळीचा कागद असे. बापाचे नाव, आज्याचे नाव, पणज्याचे नाव, खाली शिक्का. आमच्याकडे किती माणसांना आपल्या पणज्याचे नाव सांगता येते? कागद पाहून लोक गप्प होत.

करंडी मिरजेला उतरे. ज्या खेपेविषयी मी बोलतो आहे, तिच्यात सहा पिल्ले होती. दोन मेलेली. उरलेल्या चारांतल्या एकाच्या नाकाला पिवळा शेंबूड होता, डोळ्यांच्या कडा चिकटलेल्या होत्या, अंग तापलेले होते. मी फलाटावर उकिडवा बसून ते पाहिले आणि मला कळले. फौजेत या दुखण्याला डिस्टेंपर म्हणत. एका कुत्र्याला ते झाले की आम्ही सारी रांग वेगळी काढीत असू, भांडी उकळीत असू, आपल्या बुटांचे तळवेही धूत असू. हे मी विसरलो होतो काय? एक अक्षर विसरलो नव्हतो. ओल्या फडक्याने पिल्लाचे नाक आणि डोळे पुसले, त्याची प्रकृती उत्तम असल्याची आणि त्याला लस टोचल्याची इंग्रजी चिठ्ठी स्वतःच्या हाताने लिहिली, आणि पिल्लू कुंडलला आबांकडे पोहोचवले.

हा गुन्हा आहे. पण मला सांगायचा आहे तो हा नव्हे.

आबा म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे व्याही. कुंडलच्या शिवारात त्यांचा मोठा मळा. तोंडाने फटकळ, मनाने सरळ. पिल्लू मांडीवर घेऊन त्यांनी मला विचारले, "डाक्टर, ह्येला मराठी कळंल का रं?"

"कळंल की, आबा. शिव्या आधी कळत्यात."

"मग आमच्या घरात लवकर शाना हुईल," आबा म्हणाले, आणि त्यांनी त्याचे नाव जर्नेल ठेवले.

आता बिरा. बिरा हा जतच्या बाजूचा धनगर. ज्वारी निघाली, राने मोकळी झाली की तो दरसाल दोनशे मेंढरे घेऊन नदीकाठाला येई आणि आबांच्या रानात बसवी. रात्रभर मेंढरे रानात बसली की लेंडी-मुतीचे खत होते. त्याबद्दल मळेवाला धनगराला धान्य घालतो. बिराबरोबर त्याची बायको सुंदरा असे, आणि सात कुत्री. दिसायला काही नाहीत — राखी, लांबट, फाटक्या कानांची. पण बिराचा आजा, बाप आणि तो स्वतः, तिघांनी पारखून राखलेली ती जात होती. पिल्लू मेंढरांतच वाढायचे, त्यांच्यातच झोपायचे, आणि लांडगा आला तर मेंढरे सोडून मागे सरायचे नाही. जे सरे, ते बिरा ठेवीत नसे. त्याच्यापाशी कागद नव्हता. कोणते कोणाच्या पोटचे, हे त्याला सात पिढ्या तोंडपाठ होते.

त्या वर्षी बिरा आला तेव्हा मी आबांच्या मळ्यात होतो. जर्नेलाला पाहायला शेजारच्या गावांचे दोन मळेवाले आले होते. त्यांनाही पिल्ले हवी होती. सूर्य कलला होता. आमच्याकडे एक रीत आहे. मेंढरे बसायला आली की मळेवाला पहिल्या दिवशी माणसांच्या आधी कुत्र्यांना जेवू घालतो. दगडी डोणीत ताकात भाकरी कुस्करतात, आणि धनगराची कुत्री व घरचे कुत्रे यांना एकदम तोंड लावू देतात. एका डोणीत जेवलेली कुत्री पुढे एकमेकांच्या अंगावर जात नाहीत. रीत जुनी आहे आणि शहाणपणाची आहे. आबांनी जर्नेलाला उचलले आणि स्वतःच्या हाताने डोणीवर धरले. त्याने ताकात नाक बुडवले. फुरफुरले. मग सात तोंडे खाली आली.

मी चार हातांच्या अंतरावर उभा होतो. 'ह्येला येगळं बांधा' — एवढे म्हणायचे होते. काही कारणही द्यावे लागले नसते. मी डाक्टर होतो. मळेवाले माझ्याकडे पाहत होते. मी काय म्हणालो असेन?

म्हणालो, "बगा, कसं धीट हाय."

हेही ते नव्हे. अजून थोडे पुढे.

तीन आठवड्यांनी आबांचा गडी सायकलवर माझ्या दारात आला. धनगराची कुत्री पिसाळली, गावकरी काठ्या घेऊन जमले, आबांनी बोलावले आहे. मी पोहोचलो तेव्हा चांगले ऊन चढले होते. बिराने सातही कुत्री खुंटांना बांधली होती आणि तो मध्ये उभा होता. तीन आजारी होती. एक पडून नुसताच जबडा हलवीत होते, तोंडाला फेस होता. एकाचा मागचा पाय उडत होता. उरलेली चार उभी होती — शेपूट हलवीत. मला पाहून त्यांतले एक अंगावर येऊ पाहत होते, खेळायला.

मी आजारी कुत्र्याचे नाक पाहिले, डोळे पाहिले. पंजा उचलला. तळव्याची गादी खुरासारखी टणक झाली होती. शंका घ्यायला जागा उरली नाही. ते पिसाळणे नव्हते. तिकडे ओसरीवर पोत्यावर जर्नेल पडला होता. तोच शेंबूड, तोच खोकला. पायाला तोच झटका नुकता सुरू झालेला. दोन्हीकडे एकच दुखणे, आणि ते करंडीतून आले होते. त्या रानात ही गोष्ट जाणणारा माणूस एकटा मी होतो.

असे मला वाटत होते.

आबा म्हणाले, "सांग बाबा काय ते. आन् आमच्या जर्नेलाला कशापायी खोकला?"

मी उत्तर जुळवीत होतो, तेवढ्यात सुंदरा बोलली. बायका अशा ठिकाणी बोलत नसत. ती पदर सावरून पुढे आली आणि सरळ मलाच म्हणाली, "आवं डाक्टर, त्या इलायती पिल्लाच्याच नाकाला पयलं पानी हुतं. डोणीवर म्या बगितलं. आमची तवा धडधाकट हुती."

तुम्हांला कळते ना? जे ओळखायला मला फौजेची चार वर्षे लागली, ते तिने नुसते पाहून ओळखले होते. आबांनी जर्नेलाकडे मान वळवली. ते दोन्ही मळेवालेही ओरड ऐकून आले होते. मधल्या तीन आठवड्यांत त्यांच्या घरीही त्याच करंडीतली पिल्ले गेली होती. एक क्षण सर्वांच्या चेहऱ्यांवर प्रश्न उभा राहिला. मी तो पाहिला.

मी म्हणालो, "बाई, तू कंच्या पलटनीत हुतीस?"

माणसे हसली. मोठ्याने हसली. कोणी तरी म्हणाले, "मेंढरांच्या पलटनीत!" — पुन्हा हसू. बिराही ओशाळून हसला आणि बायकोला म्हणाला, "गप गं. त्येंच्यापरास तुला कळतंय व्हय?" सुंदरा मागे सरली. मला आजही तो विनोद जमलेला विनोद म्हणूनच आठवतो. याचे काय करावे, मला समजत नाही.

मग मी ते चार शब्द बोललो. "ही कुत्री पिसाळल्यात. समदी."

समदी.

कोणी विचारले नव्हते. तीन दाखवून थांबलो असतो तर चालले असते. गावाची भीती तेवढ्याने भागली असती. मग तो शब्द का? सांगतो. ती चार कुत्री राहिली असती तर ती एक तर धडधाकट राहिली असती, नाही तर आठवड्याने शेंबूड गाळीत खोकली असती. दोन्ही रीतींनी हे पिसाळणे नव्हते हे दिसले असते आणि सुंदरा खरी ठरली असती. हा सारा हिशेब मी हसू विरण्याच्या आत केला. मला कोणी भुलवले नाही. आवाज तर फारच चांगला लागला होता.

बिरा जवळ आला. "सायेब, धाकली दोन तरी ऱ्हाऊ द्या की. खात्यात-पित्यात चांगली."

"न्हाई. उद्या तुज्या बायकूला चावलं, मग?"

त्याने थोडा विचार केला. माझ्या तोंडाकडे पाहिले. मी दवाखान्यात साहेबाचा चेहरा रोज पाहिला होता. तो मी धारण केला. बिरा म्हणाला, "तुमी सांगताय म्हंजी आसंल." मग काठ्या घेतलेल्या माणसांकडे वळून म्हणाला, "दुसऱ्या कुनी हात लावायचा न्हाई."

त्याने कुऱ्हाड घेतली आणि तो बांधापलीकडे ओघळीत उतरला. आजारी तिघांना उचलून नेले. वर आल्यावर उरलेल्यांना दाव्यातून सोडले आणि तो पुन्हा खाली गेला. आम्हांला तो दिसत नव्हता. तेथून तो एकेकाचे नाव घेऊन हाक मारी, आणि ज्याचे नाव घेतले ते धावत जाई. फक्त तेच. बाकीची बसून राहत, कान टवकारून आपल्या नावाची वाट पाहत.

सहा वेळा कुऱ्हाडीचा घाव ऐकूनही सातवे गेले. त्याने नाव घेतले म्हणून गेले.

मी लढाईत माणसे मेलेली पाहिली आहेत. खेचरे गोळ्या घालून संपवली आहेत, एका दिवसात चाळीस. पण त्या सकाळी बांधावर उभा असताना मला जो धक्का बसला, तो अद्याप उतरलेला नाही. तो त्या आवाजाचा नव्हता. मी एका शब्दाने ते थांबवू शकत होतो — पहिल्यापूर्वी, दुसऱ्यापूर्वी, सातव्यापूर्वीसुद्धा — आणि मी उभा होतो. शांत. आबांनी मला पान दिले, ते मी तोंडात घातले. हा मी होतो? असा माणूस इतकी वर्षे माझ्या आत राहत होता आणि मला त्याची वार्ता नव्हती? की त्याच्याखेरीज आत कोणी नव्हतेच?

बिरा वर आला तेव्हा त्याने ओघळीत हातपाय धुतले होते. त्याने मला हात जोडले. सुंदराने जोडले नाहीत.

जर्नेलाला बिराच्या कुत्र्यांचेच दुखणे लागले आहे, पण विलायती रक्ताला औषध लागू पडेल, असे आबांना सांगून मी त्याला बरोबर सांगलीला आणले. चौथ्या दिवशी तो मेला. पुढच्या करंडीतून त्याच अंगाचे, त्याच रंगाचे पिल्लू निवडले आणि आबांना नेऊन दिले. आबांनी ओळखले नाही. उलट सगळीकडे सांगत सुटले, "जर्नेलाला डाक्टरनं आठ दिसांत उभा केला. फौजी औशिद हाय, गड्या!" माझ्या पिल्लांची मागणी वाढली.

बिरा त्याच आठवड्यात मेंढरे घेऊन परत जतकडे गेला. कुत्र्यांवाचून. त्या माळावर लांडगे किती, हे तिकडच्या माणसाला सांगावे लागत नाही.

पुढच्या साली तो आला तो आबांच्या मळ्यात नव्हे. सांगलीला, माझ्या दारात, भर दुपारी. पायी आला होता. मेंढरे किती राहिली म्हणून विचारले तर म्हणाला, "चाळीस. लांडग्यानं लय खाल्ली." पाणी प्याला. मग म्हणाला, आबांकडे ऐकले की विलायती कुत्रे तेच दुखणे होऊनही आठ दिवसांत बरे झाले. असे चांगल्या रक्ताचे एखादे पिल्लू मिळाले तर नवा वंश धरावा, असा त्याचा विचार होता.

तो जमिनीकडे पाहत होता. मग त्याने विचारले, "सायेब, म्हंजी आमच्याच रक्तात खोट हुती म्हना की. आज्यापासनं."

तो प्रश्न होता. नुसते बोलणे नव्हते. तो उत्तरासाठी थांबला होता. तीन पिढ्यांचे काम खोटे ठरले की काय, हे त्याला माझ्याकडून ऐकायचे होते. घरात आम्ही दोघेच होतो. आबा नव्हते, मळेवाले नव्हते, हसणारे कोणी नव्हते. खरे बोललो असतो तर त्याने मला काय केले असते? मला नाही वाटत काही केले असते. जातीत खोट नव्हती, एवढे कळून तो उठला असता, आपल्याच भाऊबंदांकडून त्याच रक्ताचे एखादे पिल्लू मागून आणले असते, आणि चाळिसांची पुन्हा दोनशे झाली असती. बांधावर मला भीती होती असे म्हणता येईल. येथे कशाची होती?

मी म्हणालो, "व्हय."

आणि त्याला एक पिल्लू दिले. फुकट दिले. त्याचे मागचे पाय फेंगडे होते. उभे राहिले की ढुंगण जमिनीला टेकत होते. बिराने ते मुंडाशात गुंडाळून छातीशी धरले आणि त्याला काय खाऊ घालावे ते विचारून घेतले. मी सविस्तर सांगितले. त्या रात्री मला चांगली झोप लागली. काही तरी फेडले, असे मला वाटले होते.

त्या पिल्लाला मेंढरांमागे चालवत नव्हते. सुंदरा ते कडेवर घेऊन फिरे, असे मागाहून एका धनगराकडून कळले. लांडगा आला त्या पहाटे ते तिच्या पाठीशी जाऊन बसले. आणखी दोनदा तसेच झाले. मग बिराने उरलेली मेंढरे विकली.

दोन वर्षांनी सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला रस्त्याचे काम चालले होते. मी सायकलवरून एका बंगल्यावर पिल्लू दाखवायला निघालो होतो. खडी फोडणाऱ्या माणसांत बिरा बसलेला होता. डोक्याला फडके, हातात हातोडा. त्याने मला ओळखले, उठला, आणि शेजारच्या माणसाला मोठ्याने म्हणाला, "ह्ये आपले डाक्टरसायेब. ह्येंनी आमचा जीव वाचिवला हुता."

सगळे उठून उभे राहिले. त्यांची खडी वाटेत आली होती. मी घंटी वाजवली. ते बाजूला झाले, आणि मी पुढे गेलो.